मणी आपला आपण शिजवतो

आमच्या डॉक्टरमामांना झाडावरचं पान बघवत नसे. लग्नाच्या मांडवात उभे राहिले तरी बोलता बोलता तोरणातली पानं खुडायचे. एकदा आमच्या साताऱ्याच्या घरी आले आणि चहा होईपर्यंत माझी तुळस बोडकी करून ठेवली. वर म्हणाले, "आता बघ, कशी जोमानं येती ती." ती वाळली. मामांनी दोष माझ्या कुंडीला दिला.

ते डॉक्टर कशाचे, असं विचारू नये. पलूसकडे द्राक्षबागांना सल्ला देणाऱ्याला डॉक्टरच म्हणतात, आणि मामांना सल्ल्यासाठी कुणी बोलवावंही लागत नसे. रस्त्यात बाग दिसली की स्कूटर थांबलीच. त्यांची स्वतःची बाग मामी सांभाळायची, म्हणून ती चांगली होती.

या विद्वत्तेचा उगम एका व्याख्यानात होता. गावात आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, की वेलीचं जे जे हिरवं, ते ते उन्हात अन्न तयार करतं. पान करतं, कोवळी काडी करते, घडाचा देठ करतो, घडातला हिरवा मणी, म्हणजे द्राक्षसुद्धा करतं. एवढं ऐकलं आणि मागून मिसळीचा वास आला, तसे मामा उठले. मण्याचं हे काम अगदी नावापुरतं असतं, घडात गोडी भरतात ती पानंच, हे पुढचं वाक्य मिसळीत बुडालं.

तेव्हापासून मामांचं ब्रीद ठरलं: "मणी आपला आपण शिजवून खातो. पान म्हंजे फुकटं बिऱ्हाड!" घडाला ऊन-वारा लागावा म्हणून त्याच्याजवळची दोन-चार पानं सगळेच काढतात, मामा मात्र जवळजवळ अख्खी वेलच सोलायला सांगायचे. घरातही हाच न्याय. जेवायला बसलेल्या जावयाला विचारायचे, "पावणं, तुमी पान का मणी?" तो बिचारा घास हातात धरून बसायचा. मग मामी आतून ओरडायची, "आवं, जेवू द्या की त्येला! आदी तुमी कोण ते सांगा. मला तर बांडगूळ वाटताय."

लोक मामांचं ऐकून घ्यायचे, हसायचे आणि आपापली पानं राखायचे. मामांच्या शेजारच्या सुनीलनं मात्र मनावर घेतलं. पुण्याची नोकरी सोडून त्यानं बाग लावली होती, ती पहिल्यांदाच फळाला आली होती, आणि मामांचा शब्दन्‌शब्द तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचा. शिष्य मिळाल्यावर मामांना चेव आला. मामी माहेरी गेलेली बघून त्यांनी स्वतःच्या बागेतली पानं सपाटून काढवली. मामी परतली, बाग पाहिली आणि तिनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मामांच्या वेलींची हंगामाची छाटणी सुनीलच्या आधीची, त्यामुळे त्यांच्या मण्यांत पाणी उतरून ते पिकायलाही आधी लागले. मणी मऊ पडले, पण गोडी येईना. उन्हाकडच्या अंगाला करपल्यासारखे डाग पडले. मामा रोज एक मणी तोंडात टाकायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "येतीय, येतीय." मी तिथे असतानाच व्यापारी आला. त्यानं एक मणी चाखला, थुंकला आणि गाडीत जाऊन बसला.

मामा बांधावर उभे होते. मामी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "सुन्याच्या बागंत आज बाया लागल्यात. पानं काढायला."

माझ्या आठवणीत मामा कधी चुकले नव्हते. पाऊस चुकायचा, खत चुकायचं, सरकार तर रोजच चुकायचं. पण त्या दिवशी त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. समोरचा एक घड तोडला आणि धोतर सावरत पळत सुटले. मी मागोमाग.

"हात काढा! पानावरचा हात काढा आदी!" त्यांच्या आरोळीनं बाया जागच्या जागी थांबल्या.

सुनील गोंधळला. "आवं डॉक्टर, तुमीच तर सांगितलं व्हतं."

"व्हय, मीच सांगितलं व्हतं. हे खा."

सुनीलनं मणी तोंडात टाकला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"आनखी खा. ही माझी अक्कल हाय, चाखून घे. पानाबिगार गोडी भरत न्हाई रं. माझं चुकलं."

एक बाई फिसकन हसली. मामा खाली मान घालून उभे राहिले. त्या माणसाचा मला जन्मभर राग आला होता, पण त्या क्षणी ते मला फार फार आवडले. सुनीलची एक ओळ गेली होती. बाकी बाग वाचली. परत येताना मामा कुरकुरलेच, "एवढा लाखमोलाचा सल्ला दिला, गड्यानं च्या बी इचारला न्हाई."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. सुनीलनं चालू तोडणी थांबवली आणि खांदा द्यायला आला. माणसं पांगल्यावर मामी त्याला म्हणाली, "सुन्या, ह्येंनी जन्मभर गावाला सल्लं दिलं. त्यातला एकच धड निघाला, त्यो बी बोंबलत दिला." तिला हसायचं होतं. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि सुनीलच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.