ड्रायव्हरमावशी आणि बत्तिसावं स्तोत्र

ड्रायव्हरमावशी मुळात हट्टी बाई. शाळेची बस चालवायला लागली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. हिनं ती खुशाल मुरडू दिली. पण उताराच्या वळणावर सांडलेल्या तेलावरून तिची बस घसरली, कठड्याला जाऊन टेकली, आणि त्या दिवसापासून ही बाई किल्ली हातात घेईना. तशी पोरं सुखरूप होती. एका मुलीचा ओठ फुटला, एवढंच. चूक मावशीची नाही असं चौकशीतही ठरलं. ठरलं म्हणून काय झालं? त्या पोरीच्या पांढऱ्या शर्टावरचं रक्त हिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शेवटी शाळेच्या मॅनेजरांनी निरोप धाडला: सोमवारी सकाळी आलात तर बस तुमची, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मॅनेजर वाईट नव्हते, पण त्यांनाही पोरं शाळेत पोचवायची होती.

आता ठरवायचं कुणी? मावशीनं ते काम देवावर ढकललं. म्हणजे कसं, ते ऐका. रविवारी चर्चमधून आल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली, डोळे घट्ट मिटले, बायबल मधूनच कुठंतरी उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. बोटाखाली येईल ती देवाची आज्ञा! पहिल्यांदा आली कुणाच्या तरी मुलानातवंडांची नुसती नावं. दुसऱ्यांदा एक लढाई, तीही अर्धवट. शेजारी भांडी पुसत उभी असलेली नणंद म्हणाली, "वहिनी, देवाला तरी नीट विचार गं. लॉटरीचं तिकीट काढल्यासारखं काय चाललंय?"

"तू गप्प बस," म्हणत मावशीनं तिसऱ्यांदा बोट ठेवलं. आलं बत्तिसावं स्तोत्र. घोड्यासारखं, खेचरासारखं बेअक्कल होऊ नको, त्यांना लगाम घालून ओढावं लागतं, अशा अर्थाची ओळ.

नणंदेला हसू आवरेना. मावशीला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "मी वाट विचारतेय आणि हा मला खेचर म्हणतोय!" तिनं पुस्तक मिटलं, तणतणत चहा टाकला, तो उतू घालवला, गॅस पुसला आणि पुन्हा येऊन बसली. या वेळी डोळे उघडे ठेवून, स्तोत्राच्या पहिल्या ओळीपासून. लगामाच्या जरा वरच होतं, की कुठल्या वाटेनं जायचं ते मी तुला शिकवीन, माझी नजर तुझ्यावर राहील.

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला लगामच हवा होता गं. जा म्हण नाहीतर राहा म्हण, पण तू ओढ. म्हणजे उद्या काही झालं तर मी मोकळी. आणि हा म्हणतो, मी बघतोय, तू चाल."

"मग?"

"मग काय. पळ काढायला निमित्त शोधत होते, ते काही मिळालं नाही. भीती वाटतेय, पण जाते."

स्तोत्र वाचलं की भीती पळते असं कुणी सांगत असेल तर सांगू द्या बापड्याला. हिची काही पळाली नाही. सोमवारी तिनं ब्रेक दोनदा तपासले, टायर तीनदा दाबून बघितले. आणि भीतीसकटच बस काढली.

पहिल्याच स्टॉपवर ती ओठ फुटलेली मुलगी उभी होती, आईचा हात धरून. अपघातानंतर आईच तिला शाळेत सोडत होती. आता नवा ड्रायव्हर येणार असं ऐकून दोघी स्टॉपवर आल्या होत्या. मावशीला बघून आईचा चेहरा उतरला.

"पुन्हा तुम्हीच?"

"मीच. खोटं कशाला बोलू ताई, मलाही भीती वाटतेय. देवावर भरवसा टाकून आलेय, आणि ब्रेक स्वतः तपासलेत. तरी तुमचं मन होत नसेल तर पोरीला पाठवू नका. मला राग नाही."

आईनं पोरीला वर चढवलं आणि स्वतःही चढून मावशीच्या अगदी मागच्या सीटवर बसली.

तो उतार आला. "बघतोयस ना," मावशी पुटपुटली आणि गिअर खाली टाकला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून जीव घेत होता. वाजव बाबा, म्हणत तिनं आपला धिमा वेग सोडला नाही. वळण सरलं. पोरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, त्यांची खिडकीवरून भांडणं चालली होती.

शाळेच्या फाटकात सगळी पोरं उतरली. आई मात्र पायरीवर थांबली होती.

"दुपारी बस इथूनच सुटते ना?" तिनं विचारलं.

"हो. या तुम्ही, जागा ठेवते."

"मी कामावर असेन," आई म्हणाली. "हिला तुम्हीच घरी आणा."

मावशीनं पदरानं हातांचा घाम पुसला आणि म्हणाली, "आणते."