नेनिताची बातांगासची मदतनीस

मुलगी नर्स होऊन रियाधला गेली आणि इलोइलोच्या हारो भागातलं नेनिता पाल्मारेसचं बिस्कोचोचं दुकान मुकं झालं. ओव्हन चालू होते. पावाच्या चकत्यांना लोणी-साखर लावून त्या दुसऱ्यांदा भाजणाऱ्या तिघी बायकाही रोज येत होत्या. पण दुकानाच्या फेसबुक पेजवर येणाऱ्या निरोपांना उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. ते सगळं ती मुलगी, जोना, बघायची. नेनिताला एक निरोप लिहायला एक ताट भाजून होईल एवढा वेळ लागे, आणि पाठवायच्या आत तो हातून पुसला जाई.

"मम्मा, व्हर्च्युअल असिस्टंट ठेव," जोना तिकडून रोज सांगे. "आपल्याकडच्या कितीतरी पोरी घरी बसून अमेरिकेतल्या दुकानांची कामं करतात. तुझं एक करायला काय झालंय?"

"जिला मी कधी बघणार नाही तिच्या हातात दुकान देऊ?"

"दुकान नको देऊ. फेसबुक दे."

शेवटी नेनिता व्हिडिओ कॉलवर मुलाखती घ्यायला बसली, तेही जोनाने दटावल्यावर. पहिली मुलगी प्रत्येक प्रश्नाला "येस, मॅम" म्हणाली. नेनिताने वैतागून विचारलं, "विमान चालवता येतं का गं?" त्यालाही "येस, मॅम." दुसरीचं चित्र तोंड उघडं असतानाच अडकलं ते अडकलंच. तिसरी इतकी गोड बोलली की नेनिताने लगेच पासवर्ड दिला. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. जोनाला रात्रपाळी सोडून पासवर्ड बदलत बसावं लागलं.

चौथी रोविलिन माकातांगाय, बातांगासची. तिच्या मागे कोंबडे आरवत होते आणि ती त्यांच्यावर आवाज चढवून बोलत होती.

"फोटो सजवून टाकता येतात का?"

"येत नाहीत! शिकेन! आठवडा द्या!"

तिघींपैकी ओव्हनपाशी उभी असलेली लेटी हातातला चिमटा घेऊन धावत आली. "कोण भांडतंय, मानांग?" नेनिताला सगळे मानांग, म्हणजे थोरली ताईच, म्हणत.

"भांडत नाहीये. नोकरी मागतेय."

बातांगासची माणसं "जेवलीस का" हेसुद्धा दरडावून विचारतात. आमच्या इलोइलोत मात्र रागवायचं झालं तरी सुरातच. पण चौघींत हीच एक 'येत नाही' म्हणाली होती, म्हणून नेनिताने तिला ठेवलं. पुढे कितीदा तरी तिने या गोष्टीवरून कपाळावर हात मारून घेतला.

काम चोख होतं, त्यात खोट काढता येत नव्हती. निरोपांना उत्तरं जात होती, पुड्यांचे फोटोही बरे येऊ लागले होते. पण लिहून भागलं नाही की रोविलिन थेट फोन लावी. मग गिऱ्हाईक दुकानात येऊन हळूच विचारी, "मानांग, आमचं काही चुकलं का? तुमची ती मुलगी ओरडत होती."

आणि मग तिने तिया सालुदला फोन केला.

तिया, म्हणजे मावशी, सालुद हे पंधरा वर्षांपासूनचं जुनं गिऱ्हाईक. दोन फेब्रुवारीला कांदेलारिया मातेचा सण. त्या दिवशी तियाच्या मोठ्या घरात सगळ्यांना दार उघडं, येईल त्याला जेवण आणि निघताना हातात बिस्कोचोचा पुडा. चारशे पुडे. दुकानाचे दोन्ही ओव्हन त्यासाठीच वीस जानेवारीपासून पेटायचे, आणि तिघी बायकांना पुरेसं काम मिळायचं. पण तियाने आजवर कधी ऑर्डर म्हणून दिली नव्हती. नव्या वर्षातल्या एखाद्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती दुकानात येई, सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करी, मोडका तुकडा तोंडात टाकी आणि जाताना नेनिताचा हात थोपटून, लेकीला हाक मारावी तसं म्हणे, "गेल्या वर्षीसारखंच हं, इंदाय." झाली ऑर्डर.

यंदा तेरा तारीख झाली तरी ती आली नव्हती. नेनिता वाट बघत होती. विचारायचं कसं? विचारणं म्हणजे पैशावर डोळा ठेवल्यासारखं.

रोविलिनने जुन्या वहीच्या फोटोत चारशे हा आकडा बघितला आणि फोन लावला. "सालुद मॅम, चारशे पुडे हवेत की नकोत? वीसच्या आत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ!"

दुसऱ्या दिवशी तियाच्या मोलकरणीने निरोप आणला, की बाईंना फार वाईट वाटलं.

नेनिता फोनपाशी बसली आणि रोविलिनला बोलून निरोप पाठवला. मनातलं होतं नव्हतं ते सगळं ओतलं. मग पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसून लेटीला म्हणाली, "आज चांगली हजेरी घेतली तिची."

"ऐकलं मी," लेटी म्हणाली. "मला वाटलं बाळाला निजवताय."

उत्तरही तसंच आलं. "थँक्यू, मॅम! एवढं प्रेमाने कुणी बोललं नव्हतं! उरलेल्या जुन्या गिऱ्हाइकांनाही करते फोन!"

"मम्मा," जोना म्हणाली, "तिला सरळ सांग, उद्यापासून नको म्हणून."

"असं तोंडावर कसं सांगायचं?" तरी नेनिताने हिय्या केला. म्हणाली, "पोरी, तू फार दमतेस गं. आता थोडी विश्रांती घे."

"रविवारी घेते, मॅम!"

नेनिताने दात आवळले. देवळात जाऊन मातेपुढे मेणबत्ती लावली, आणि सतरा तारखेला ऊन उतरल्यावर ताज्या बिस्कोचोचा डबा घेऊन स्वतः तियाच्या घरी गेली.

तियाने घट्ट चॉकलेट पुढे ठेवलं. पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या सुमानचं पान सोलून दिलं. जोनाची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली, नव्या फादरच्या प्रवचनाची झाली. मग नेनिता हळूच म्हणाली, "तिया, त्या पोरीचं मनावर घेऊ नका."

"छे गं, इंदाय. काही नाही. बघू."

"सणाचं..."

"बघू हं."

त्या 'बघू'त काय आहे ते नेनिताला कळेना. पाय धरायचे की उठायचं, हेही कळेना. इतक्यात पिशवीतला फोन वाजला. चॉकलेटने चिकट झालेल्या बोटाने तिने तो बंद करायला घेतला आणि झालं उलटंच. सगळ्या दिवाणखान्यात आवाज घुमला.

"मॅम, सालुद मॅमचं काय ठरलं? पीठ आणायचं का नाही?"

"रोविलिन, अगं, मी त्यांच्याकडेच बसलेय."

"बरं झालं! मॅम सालुद, मी ओरडत नाही, आमचा आवाजच असा! तुम्ही घ्या नाहीतर नका घेऊ, आमचा राग नाही. पण चारशे पुडे भाजून पडून राहिले तर मानांगनी कुठे न्यायचे? हो का नाही एवढंच सांगा!"

नेनिताला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. तिया सालुदने चॉकलेटचा पेला उचलला.

"नाही," ती म्हणाली.

पंधरा वर्षांत नेनिताने तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

"यंदा दार उघडत नाही मी. मुलगा कॅनडाहून येत नाहीये. वरचा मजला बंद केलाय. मला एकटीला एवढ्या माणसांपुढे उभं राहवत नाही आता." तिने पेला खाली ठेवला. "लोकांना काय सांगू, ते सुचेना. मग तुझ्या त्या मदतनीस पोरीचा फोन आला. म्हटलं, त्यावरून रुसले म्हणू. तेवढंच बरं दिसेल."

नेनिताला राग आला, तोही कुणाचा ते ठरेना. तीन रात्री ती लाजेने झोपली नव्हती, आणि ही बाई फक्त नाही म्हणायला घाबरत होती!

"वीस पुडे ठेव माझ्यासाठी," तिया म्हणाली. "शेजाऱ्यांना देईन."

"बाकीचे तीनशे ऐंशी पेजवर टाकू का?" फोन अजून चालूच होता.

"टाक," नेनिता म्हणाली. "आणि आता ठेव फोन."

"थँक्यू, मॅम!"

वीस तारखेपर्यंत तियाचे धरून एकशे नव्वद पुडे ठरले. चारशे काही झाले नाहीत. मातेच्या कृपेने एक ओव्हन तरी पेटणार होता, दुसरा बंद राहणार होता. तिघी बायकांना रोजचं काम पुरणार नव्हतं, आणि ते त्यांना कसं सांगावं हे नेनिता सकाळपासून मनात जुळवत होती.

"लेटी, तुझे गुडघे फार दुखतात ना गं," तिने सुरुवात केली. "थंड वाराही सुटलाय..."

लेटी पावाच्या चकत्या मांडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

नेनिताने ते वाक्य तिथेच सोडलं. "एकच ओव्हन चालणार आहे. तुम्हा तिघींना आळीपाळीने यावं लागेल. पुढच्या महिन्याचं मला अजून माहीत नाही."

"मग मी सोमवार, बुधवार, शुक्रवार येते," लेटी म्हणाली. "बाकीच्या दिवशी बहिणीच्या कपड्यांच्या दुकानात बसेन. तीन दिवस झाले, तुम्ही नुसतं लोणी हलवत बसलाय. आम्हाला वाटलं, दुकानच विकताय."

"मग विचारायचं नाही का?" नेनिता ओरडली. खरंच ओरडली. मागच्या दोघी दारातून डोकावल्या.

"असं तोंडावर कसं विचारायचं, मानांग?" लेटी म्हणाली आणि ताट ओव्हनमध्ये सरकवलं.