मावशीच्या आईचा फोटो

गावोगावचे जुने फोटो फेसबुकवर टाकायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हाच बायको म्हणाली होती, "लोकायच्या वस्तू घरात आणून राह्यले, एखादी हरवान पाहा." हरवली नाही. मी त्याहून मोठा पराक्रम केला.

अल्लीपूरच्या एका मावशीनं आपल्या आईचा एकुलता एक फोटो मला दिला. दर सणाला कपाळावर कुंकवाचं बोट लावून लावून त्यावर लाल पापुद्रा चढलेला. "आठ दिवसात आणून देजो बाबू," ती म्हणाली. "आई गेली तवा मी पाळण्यात होती. मले तिचं तोंड यातूनच मालूम."

घरी येताच मोबाइलवर फोटो काढला. आमच्या या छंदात चोर फार. कोपऱ्यात नाव टाकलं की तेवढं कापून आपल्या पेजवर लावतात. म्हणून मी पेजचं नाव बरोबर चेहऱ्यावर, ठळक, आडवं छापलं. अॅपनं विचारलं, मूळ फोटो ठेवायचा का? मोबाइल गच्च भरलेला. मी म्हटलं, नको. नाव छापलेला तेवढा पेजवर चढवला.

मग स्कॅनआधी कुंकू साफ करायची हुशारी सुचली. ओल्या कापसानं हलकेच घासलं. कुंकू निघालं. कपाळही निघालं. घाबरून सावरायला गेलो तर डोळे कापसावर आले.

दोन दिवस पेजवर भीक मागत होतो : कोणाकडे नाव नसलेली प्रत आहे का हो? असणार कुठून! मीच ती कोणाला मिळू दिली नव्हती. खाली लोक लिहीत होते, "भावपूर्ण श्रद्धांजली", "खूप छान संग्रह, सर."

वर्ध्याचा स्टुडिओवाला म्हणाला, "कम्प्युटरवर नवा चेहरा बसवून देतो. बुढीले काय समजते?"

आणि मी, इतिहासाचा रखवालदार, हो म्हणालो.

तेवढ्यात मावशीचा फोन. "बाबू, उद्या पितर हाये आईचं. काऊन नाई आला?"

दुसऱ्या दिवशी गेलो. पिशवीत दोन पाकिटं : एकात नवा चेहरा, दुसऱ्यात खरा फोटो, बिनचेहऱ्याचा. मी नवा दिला. मावशीनं कुंकवात बोट बुडवलं, फोटोपाशी नेलं आणि थांबली.

"हे कोन होय?"

तोंडाशी आलेलं खोटं तोंडातच वाळलं. दुसरं पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि मी उंबऱ्यावरच बसलो.