फणसाची वाकडी कड

आईचे गुडघे गेले म्हणून आमच्या घरात टेबल आलं.

तोवर आम्ही सगळे स्वयंपाकघरात खाली मांडी घालून जेवायचो. आधी बाबा घास घेणार, मग भाऊ आणि मी, आणि सगळ्यांचं झाल्यावर मागाहून आई, ही आमच्याकडची चाल. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली तेव्हा आई ओट्याशी उभी राहून जेवायला लागली. बाबांना ते बघवेना. "मानूस काय उभ्यानं जेवतं?" असं ते भिंतीला विचारायचे, कारण आईला विचारायची सोय नव्हती.

टेबल विकत आणता आलं असतं. पण बाबांचा जन्म भिवंडीतले बिघडलेले लूम दुरुस्त करण्यात गेलेला; विकतची वस्तू त्यांना स्वतःचा अपमान वाटायची. पडघ्याला आईच्या माहेरी गोदामासाठी जमीन सपाट करताना एक जुना फणस पाडला होता. त्याची एक जाड, रुंद फळी मामाच्या पडवीत वाळत पडली होती. ती बाबांनी टेम्पोत घालून आणली. साल सोलली तर आत लाकूड हळदीसारखं पिवळं. एक बाजू बरीचशी सरळ, दुसरी नागमोडी, आणि मधोमध चांगलीच आत गेलेली.

रंधा मारायला धामणकर नाक्यावरून एक मिस्त्री आला. त्याने आधी ती कडच पाहिली. "चाचा, साइड सीधी कर देता हूँ."

"नहीं, उसको वैसाच रखने का," बाबा म्हणाले.

मी नुकतीच नोकरीला लागले होते, त्यामुळे मला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं! सरळ कापता येत नाही असं सांगा ना, बाबा."

बाबा चिडले नाहीत. त्यांनी आईला हाक मारली आणि कड आत गेली होती तिथे तिला उभं केलं. "हितं बसशील तू. ताट पोटाजवल येल, वाकाया नको."

"कायतरीच तुमचं," म्हणून आई आत गेली. पण पदर तोंडाला लावून गेली, म्हणजे हसू लपवत होती. त्यानंतर कामावरून आले की पॉलिश पेपर घेऊन ती कड मीच घासायचे. आईच्या पोटाला कुसळ लागू नये म्हणून बोटं झिजेस्तोवर घासली. मग बाबांनी वरून जवसाचं तेल चोळलं.

पाय मात्र बाबांनी एकट्याने, कुणालाही न विचारता बसवले. टेबल आत नेलं, भोवती लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, आम्ही बसलो, आणि माझी हनुवटी ताटाला टेकली. बाबांच्या हाताने नेमकी लूमची उंची घेतली होती! लूमवर माणूस उभ्याने काम करतो, त्याची कमर दुखू नये हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं.

"बाबा, जेवायचं की कापड विणायचं?" भाऊ म्हणाला. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई तेवढी हसली नाही. टेबलावरून हात फिरवत म्हणाली, "मना तर बरी हाय उंची. उभ्यानं पीठ मलता येल, वाढता येल. न्हाय कापायची."

आता बाबा चिडले. "तू काम करावं म्हनून न्हाय केला हा टेबल. तू बसावं म्हनून केलाय."

"वाढनारी बसली तर वाढनार कोन?"

बाबांनी सरळ करवत आणली.

पाय कापून झाले. रविवारी दुपारी सुक्या बोंबलांचं कालवण होतं. ताटं मांडली, आम्ही बसलो. आई सवयीने तव्याशी. बाबा हाताची घडी घालून बसून राहिले. ते घास घेईनात, आणि त्यांच्या आधी जेवायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. भाऊ कालवणाकडे दीनवाणा बघत होता.

"जेवा की," आई म्हणाली.

"तू बस. मंग."

"पोरं भुकेली हायेत!"

"तर मंग बस बेगीन."

त्यांची चाल त्यांनी तिच्यावरच उलटवली होती. मला बाबांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. मी उठून आईच्या हातातलं उलथणं घेतलं. ती पुटपुटत आली आणि परक्याच्या घरी बसावं तशी खुर्चीच्या टोकावर टेकली. बाबांनी खुर्ची पुढे सरकवली. टेबलाची आत गेलेली कड तिच्या पोटाशी बरोबर बसली.

मी तांदळाची भाकरी तव्यावरून थेट तिच्या ताटात टाकली. तिने तुकडा मोडला, बोटं पोळली, फुंकर मारली, कालवणात बुडवून तोंडात घातला. चावता चावता थांबली.

"गरम भाकर अशी लागते काय!" ती म्हणाली.

बाबा आपल्या ताटात बघत होते.

"दुसरी पन गरमच घे," ते म्हणाले.