बंदराच्या रांगेतले काका

रस्त्यात गाड्या अडल्या की बाकीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. काका इंजिन बंद करायचे, पंचा खांद्यावर टाकायचे आणि खाली उतरायचे. "पुढं जाऊन पाहून येतो," एवढंच म्हणायचे. रांग कितीही लांब असो, ते खरंच टोकापर्यंत चालत जाऊन यायचे. तुम्हाआम्हाला रांगेत पुढच्याची पाठ दिसली तरी पुरते. काकांना पुरत नसे.

ते शिरड शहापूरचे. हिंगोलीच्या बाजारातली हळद ट्रकमधून मुंबईजवळच्या बंदरावर न्यायचे. मी हिंगोलीची, तेव्हा पुण्यात शिकत होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सुट्टीत मला बंदरावर दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. फाटकाबाहेरची ट्रकांची कोंडी कशी कमी होईल, ते शोधायचं होतं. मी वही आणि घड्याळ घेऊन कडेला उभी राहायचे, गाड्या मोजायचे. एकदा फोनवर आईशी बोलत होते, तर मागून आवाज आला.

"हिंगोलीकडची का गं माय तू?"

मी "व्हय" म्हणाले. ट्रकवाले काका होते. त्यांनी कॅबिनमधून पाणी काढून दिलं आणि वहीत डोकावले.

"काय लिहून राहिली?"

"गाड्या किती वेळ थांबतात ते."

"ते तर समद्यायला माहीत हाय. काहून थांबतेत, ते इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मग काका मला घेऊन रांगेतून निघाले. प्रत्येक ट्रकपाशी थांबून विचारायचे, "दादा, कागदं आले का?" माल बंदरात न्यायच्या परवानगीचे कागद जवळजवळ निम्म्यांचे आले नव्हते. नंबर जाईल म्हणून ते रांगेत उभे, आणि कागद तयार असलेले त्यांच्यामागे अडकलेले.

"कागदं न आलेल्यायला बाजूच्या मैदानात बसवा," काका म्हणाले. "हातात नंबर लिहून द्या. जागा जात न्हाई म्हणलं की सोडतेत लाईन."

मी ते अहवालात लिहिलं. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "ही कल्पना कोणाची?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. "रांगेत फिरताना सुचली," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. आपण खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला समजावत राहिले.

मैदान सुरू झालं, रांग आखडली. मला नोकरी लागली. दर दिवाळीला हिंगोलीला यायचे, पण शिरडला जायचं मी टाळत आले.

शेवटी मी शिरडला गेले, तेव्हा काकांना जाऊन सहा महिने झाले होते. काकू ओसरीत तूर निवडत होत्या. मी ओळख सांगितली.

"बंदरावरच्या तुमीच का?" त्यांचा चेहरा उजळला. "हिंगोलीच्या पोरीनं लाईन मोकळी केली, म्हणून गावभर सांगायचे. गाडी लवकर सुटायची, म्हणून शेवटचे दोन पोळ्याचे सण घरी होते ते. आधी कधीच नसायचे."

मला वर पाहवेना. "काकू, ती युक्ती त्यांचीच. मी फक्त लिहून घेतली. आणि त्यांचं नाव सांगितलं नाही."

त्यांचा हात सुपातच थांबला. मला वाटलं, आता रागावतील.

"युक्ती आपली हाय, हे न्हाई बोलले कधी," त्या सावकाश म्हणाल्या. सूप बाजूला सारून त्यांनी चटई अंथरली. "बसा. समदं सांगा. पहिल्यापून."

त्यांनी बंदर कधी पाहिलं नव्हतं. मी समुद्रापासून सुरुवात केली.