कव्हराखालची छोटी गाडी

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटी म्हणाली, "आजी, खाली जाऊन मोठी गाडी दाखव ना, ती बटणाने झोपणारी सीट." मी फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि तुम्हाला समोरच्या बागेतली झाडं दाखवली. मग "नेटवर्क जातंय" म्हणून फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होतं. आजोबा सोफ्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर धरला. ते पाहणं मला परत सोसणार नाही. म्हणून आज स्वयंपाकघर आवरून, टेबल पुसून हे लिहायला बसले.

एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. शाळा-कॉलेज इंग्रजीत झालं, ऑफिसात जन्मभर इंग्रजीतच टिपणं काढली. त्या भाषेत माझी वाक्यं इस्त्री करून येतात. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर कुणा फार शहाण्या बाईने लिहिल्यासारखं झालं असतं. तेव्हा मराठीत. अडेल तिथे बाबांना विचारा. त्यांनाही यातलं निम्मंच माहीत आहे.

मोठी गाडी आता आपल्याकडे नाही.

आजोबांनी ती न्हावा शेवा बंदरातला कस्टम क्लिअरिंगचा धंदा बंद करताना घेतली होती. "जन्मभर कंटेनरच्या ट्रेलरमागे रांगेत उभा राहिलो," ते म्हणाले होते, "आता जरा पुढे जाऊ दे." पाम बीच रोडला सिग्नल हिरवा झाला की त्यांनी नुसता पाय टेकवायचा, आणि आपली पाठ सीटला चिकटलीच. मी म्हणायचे, "अहो, हळू." ते म्हणायचे, "अगं, ही हळूच आहे!" तुम्ही दोघं मागे बसून "आजोबा, अजून एकदा" असं ओरडायचात, ते मला आठवतं.

मग त्यांना तो छोटा झटका आला. हातपाय बचावले, बोलणं बचावलं. पण डावीकडचं दिसेनासं झालं. डोळे चांगले आहेत, मेंदू डावी बाजू घेत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. जेवताना ताटातली डावीकडची चटणी आणि कोशिंबीर तशीच राहते आणि ते विचारतात, "आज चटणी केली नाहीस?" मी ताट फिरवून देते. गाडी चालवायची नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सोसायटीच्या आतल्या आतसुद्धा?" घरी आल्यावर आतल्या आत चालवून पाहिली, आणि डावा आरसा पार्किंगच्या खांबापाशी ठेवून वर आले.

मी चालवायचा प्रयत्न केला. लायसन्स माझ्याकडे लग्नाआधीपासून आहे. पण त्या गाडीत बसले की कुणाच्या तरी बंगल्यात चुकून शिरल्यासारखं वाटायचं. खांबांमधून काढताना तिचे सेन्सर चारी बाजूंनी किंचाळायचे. मी घामाघूम व्हायचे आणि आजोबा शेजारी बसून मुठी आवळायचे.

शेवटी तेच म्हणाले, "ही देऊन टाकू. तुला मजा येईल अशी घेऊ. तू चालव, मी बसतो." तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "टॅक्सी बोलवत जा ना, या वयात कशाला नवी गाडी?" आजोबांनी उत्तर दिलं, "टॅक्सीत तुझी आई गिअर टाकू शकेल का?" पावणे एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने मोठी गाडी नेली. ती गेटमधून बाहेर पडत असताना आजोबा तिला हात करून आत आले. मी उगाच डोळे पुसत होते, त्यांनी पुसले नाहीत.

छोटी गाडी त्यांनीच निवडली. रंग हळदीसारखा पिवळा. मला पांढरी हवी होती. ट्रायलला निघालो तेव्हा शोरूमचा माणूस मागे आणि आजोबा शेजारी. उड्डाणपुलाखालचं ते गोल वळण तुम्हाला आठवत असेल, तिथे मी दुसऱ्या गिअरमध्ये आत शिरले आणि तिसऱ्यात बाहेर पडले. गाडी अशी वळली की जणू तिला माझ्या आधीच कळलं होतं. आणि आजोबा मोठ्याने हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. "अगं, परत घे! परत घे!" शोरूमचा माणूस म्हणाला, "मॅडम, ट्रायलचा रूट हा नाही." "तुम्ही गप्प बसा हो," आजोबा म्हणाले, "मॅडमना चालवू द्या."

इथपर्यंत लिहायला सोपं होतं.

आपल्या सोसायटीत कुणाचं कसं चाललं आहे ते लोक पार्किंगवरून ठरवतात. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांची मोठी गाडी जाऊन तिथे छोटी आली, तेव्हा लिफ्टमध्ये "धंदा बसला वाटतं" असं म्हणणारी मीच होते. कुणाची नवी गाडी आली की सगळ्यांनी खाली जमायचं. हार घालायचा, नारळ फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांच्यावरून पुढे घ्यायची आणि मग घरोघर पेढे द्यायचे. मोठ्या गाडीच्या वेळी पेढ्यांचे बॉक्स मी मजल्यांप्रमाणे लावून ठेवले होते. छोटी आणायच्या आदल्या दिवशी आजोबांनी विचारलं, "पेढे सांगितलेस?" मी म्हटलं, "आत्ता नको हो. लोक येणार, गर्दी होणार, तुमच्या डोक्याला टेन्शन नको." त्यांना ते खरं वाटलं.

गाडी मी भर दुपारी आणली, सगळे जेवून आडवे झालेले असताना. आजोबा दमून वर गेले आणि झोपले. मोठ्या गाडीचं राखाडी कव्हर मी धुऊन, घडी करून कपाटात ठेवलं होतं. ते आणून पिवळ्या गाडीवर घातलं. ते सगळीकडून लोंबायला लागलं, थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला घातल्यासारखं. मग मी माळ्यावरच्या जुन्या उशा काढल्या. गाडीच्या मागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या, बॉनेटवर उशा रचल्या, कव्हर ताणून ओढलं आणि खालून दोरीने बांधलं. माझं काम नेहमी नीट असतं. लांब उभं राहून पाहिलं तर मोठी गाडीच उभी आहे असं वाटावं. मी लांब जाऊन पाहिलंसुद्धा.

आजोबांना आठवड्यातून दोन दिवस वाशीला फिजिओथेरपीला न्यायचं असतं. मी ती वेळ दुपारची करून घेतली. त्यांना म्हणायचे, "तुम्ही गेटवर थांबा, पार्किंगमध्ये अंधार आहे, पाय अडखळेल." ते काठी घेऊन गेटवर उन्हात उभे राहायचे. तेवढ्यात मी दोरी सोडायची, उशा डिकीत भरायच्या, खुर्च्या खांबामागे सरकवायच्या आणि गाडी बाहेर काढायची. वॉचमनला सांगितलं होतं की धुळीसाठी करते. परत आलो की त्यांना लिफ्टपाशी सोडून पुन्हा सगळं बांधायचं. त्यांच्या दुखण्याचा मी आडोसा केला, हे तेव्हा माझ्या मनाला शिवलंही नाही. त्या रस्त्यावर मात्र मी गाडी मजेत चालवत होते. तेही लिहून ठेवते.

एका शनिवारी सकाळी मी भाजीला गेले होते. आजोबांना हुक्की आली की गाडी आपल्या हाताने पुसावी. मी पिशव्या घेऊन परत आले तेव्हा पार्किंगमध्ये पाच-सहा माणसं जमलेली होती. कव्हर अर्धं ओढलेलं होतं, पिवळं बॉनेट उघडं पडलं होतं, मागे दोन खुर्च्या पाहुण्यांसाठी मांडल्यासारख्या, आणि जमिनीवर उशा. सोसायटीचे सेक्रेटरी, ते बँकेतून निवृत्त झालेले, म्हणत होते, "काका, बाळंतपण सुखरूप झालं म्हणायचं! मोठीच्या पोटातनं छोटी निघाली!" सगळे हसले. आपल्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मूळच्या इथल्याच सारसोळे गावच्या, बोली आगरी. सेक्रेटरींवर त्या कडाडल्या, "गप बसा ओ तुमी! कनाला हसताव?"

आजोबा वाकून उशा गोळा करत होते. उजवीकडच्या सगळ्या उचलल्या. डावीकडे एक पडली होती, ती त्यांच्या पायाजवळच होती. ती त्यांना दिसली नाही. ती मी उचलली.

घरात आल्यावर त्यांनी उशा दिवाणावर ठेवल्या आणि म्हणाले, "ड्रायव्हरची सीट सोडून डावीकडे बसायचं ठरवलं, तेव्हा मला लाज नाही वाटली. तुला वाटली?"

"अहो, लोक काय म्हणतील म्हणून..."

"लोक गाडीला म्हणाले असते. तू मला गेटवर उभं केलंस."

त्यानंतर ते त्या गाडीत बसेनात. भांडले नाहीत, रुसले नाहीत. फक्त थेरपीच्या दिवशी लवकर तयार होऊन खाली जायचे आणि गेटवरून रिक्षा पकडायचे. रिक्षातून डावीकडून उतरावं लागतं, आणि डावीकडून येणारं त्यांना दिसत नाही. मी पिवळी गाडी घेऊन रिक्षाच्या मागे मागे जायचे. आता कव्हर नव्हतं, उशा नव्हत्या, सगळ्या सोसायटीने पाहिलं तरी चालत होतं. वाशीच्या क्लिनिकपाशी एकदा ते उतरत असताना एक मोटारसायकल त्यांच्या इतकी जवळून गेली की काठी हातातून उडाली. मी काठी उचलून दिली. "थँक यू," ते म्हणाले. मला. जन्मात मला ते कधी थँक यू म्हणाले नव्हते. येताना पुन्हा रिक्षाच केली. त्या रात्री माझ्या मनात एकच होतं, की एखाद्या दिवशी मी मागून पाहत असताना हा माणूस माझ्यादेखत गाडीखाली जाईल, आणि तो तिथे उतरला असेल तो माझ्यामुळे.

सकाळी मी पेढे आणले. वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात एकच सांगितलं, "आम्ही छोटी गाडी घेतली आहे. यांना डावीकडचं दिसत नाही, त्यामुळे मी चालवते. मी ती लपवून ठेवली होती." शेवटचं वाक्य दर दारात मी पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत म्हटलं. सेक्रेटरी वरमले. "काकू, मी आपली गंमत केली हो." चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "रंग छान निवडलात." लिफ्टमध्ये मी त्यांच्याबद्दल काय बोलले होते ते त्यांना सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलं नाही. जिना उतरले.

समोरच्या बाईंकडे शेवटी गेले. आपलं दार मी मागे उघडंच ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "वयनी, आमाला पयल्या दिशीच ठाव होतं. कवराखालशी चाकं दिसतान ना, केवरीशी ती चाकं! आख्ख्या बिल्डिंगला ठाव होतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमी येवढी बांदून ठेवलीव, ती मी कशी सोरू गो?"

म्हणजे मी ज्यांच्यापासून लपवत होते ते सगळे इतके दिवस माझ्यासाठी न दिसल्यासारखं करत होते. ज्याला खरोखरच माहीत नव्हतं तो एकटाच माणूस गेटवर उन्हात उभा होता. मी मान वर केली नाही. परत घरात आले तर आजोबा हॉलमध्ये बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "उरलेत का?" त्यांनी विचारलं. साखर वर्ज्य आहे, तरी एक पेढा दिला. त्यांनी निम्मा खाल्ला आणि निम्मा बॉक्समध्ये परत ठेवला.

पुढच्या थेरपीला ते गेटवर गेले नाहीत. काठी टेकत पार्किंगमध्ये आले, गाडीला एक वळसा घातला, मागचं दार उघडलं आणि आत बसले.

"पुढे या ना," मी म्हटलं.

"इथे ठीक आहे."

पाम बीच रोडला लागलो. मग मागून आवाज आला, "तिसरा टाक. इंजिन ओरडतंय." मी तिसरा टाकला. वाशीला जाताना खाडी डाव्या हाताला लागते, ती त्यांच्या लक्षात येत नाही. "डावीकडे भरती आहे," मी म्हटलं. त्यांनी मान वळवून पाहिलं.

सोसायटीत सगळ्यांना सांगून झालं, तुम्हाला मात्र झाडं दाखवली. आता तुम्हालाही सांगितलं. यानंतर तुम्ही आजोबांना याबद्दल काही विचारू नका. त्यांना वाटलं तर ते सांगतील.

उड्डाणपुलाखालचं वळण मी अजूनही जरा जोरात घेते आणि आरशात पाहते. ते हसत नाहीत. पुढच्या सीटवरही अजून आलेले नाहीत, आणि येतील की नाही ते मला माहीत नाही. रिक्षा मात्र बंद झाली. ते मागे बसतात, मी चालवते, आणि आठवड्यातून दोनदा आम्ही दोघं एकाच गाडीतून वाशीला जाऊन येतो. एवढं शिल्लक आहे.