डावीकडचा सलाम

दिवाळी सरली की आमच्या कल्याणच्या घरी गाद्यांचा कापूस पिंजायला एक पिंजारी यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कमानीची तार वाजायला लागली की अंगणभर कापूस उडायचा आणि त्याची दाढी होती त्याहून पांढरी दिसायची. दुपारी काम थांबवून तो अंगावरचा कापूस झटकायचा, विहिरीवर हातपाय धुवायचा आणि मावळतीकडे तोंड करून नमाजाला उभा राहायचा.

फाळणीला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी त्याच्या डाव्या हाताला पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. नमाज संपताना त्याने उजवीकडे मान वळवून सलाम केला, मग डावीकडे, म्हणजे माझ्याकडे. मला वाटलं, मलाच केला. मी सूप खाली ठेवून हात जोडले.

तो सलाम नमाजातलाच असतो, हे त्याने मागाहून सांगितलं तेव्हा मी ओशाळले.

"असू द्या, वहिनी," तो म्हणाला. "मशिदीत या बाजूला माझा भाऊ बसायचा. तो कराचीला गेला. मी रोज अल्लाला म्हणतो, तू रहमवाला आहेस, माझा सलाम त्याला पोचव. आज या बाजूने पहिल्यांदा जवाब आला."

पुढे दरवर्षी त्या वेळी मी मुद्दाम पायरीवर बसायची.

एका वर्षी तो आलाच नाही. भावाकडे गेला असेल, असं मी मनाशी धरलं. दुपारी रिकाम्या अंगणाकडे बघून हात जोडले आणि त्याच्याच अल्लाला म्हटलं, पोचव.